चाचणी संपल्यावरही न पुसली जाणारी डिरेक्टरी

पर्वरीतील एका छोट्या चमूचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रामपंचायतींच्या जुन्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रतींची सूची करणारा आणि त्यांची घरपट्टीच्या पावत्यांशी सांगड घालणारा एक पायथन प्रोग्रॅम ते लिहीत आहेत. त्याच्या चाचण्या युनिटटेस्ट या पायथनसोबतच येणाऱ्या चाचणी-साधनात आहेत. प्रत्येक चाचणीच्या सेटअपमध्ये, म्हणजे आधीच्या तयारीत, एमकेडीटेम्प हे फंक्शन वापरून एक तात्पुरती डिरेक्टरी (फोल्डर) तयार होते, तीत एसक्यूलाइटचा, म्हणजे एका फाइलीत मावणारा, डेटाबेस आणि काही टिफ चित्रे ठेवली जातात आणि टिअरडाउनमध्ये, म्हणजे नंतरच्या आवराआवरीत, आरएमट्री हे फंक्शन ती डिरेक्टरी पुसून टाकते. विंडोज लॅपटॉपवर चाचण्यांतील सगळ्या तपासण्या उत्तीर्ण होतात, परंतु पुसण्याच्या वेळी ‘ही फाइल दुसरी प्रक्रिया वापरत आहे’ अशा आशयाची 32 क्रमांकाची त्रुटी येते. डेटाबेस बंद करण्यासाठी ॲडक्लीनअप (चाचणीनंतर करायच्या कामांची नोंद घेणारी सोय) लावूनही फरक पडलेला नाही. लिनक्स सर्व्हरवर ही त्रुटी कधीच दिसत नाही. मात्र तेथे टेम्प डिरेक्टरीत बेवारस फोल्डर साचत राहतात, आणि संपूर्ण संच एकदम चालवला की एखाद्या भलत्याच चाचणीत ‘खूप जास्त फाइली उघड्या आहेत’ अशी तक्रार येते. आरएमट्रीला ‘त्रुटींकडे दुर्लक्ष कर’ असे सांगून मोकळे व्हावे काय, असा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. डिरेक्टरी पुसता न येणे हा येथील रोग नाही, ते त्याचे लक्षण आहे, आणि विंडोजने ते आपल्याला फुकटात दाखवले आहे. आरएमट्रीला दुर्लक्ष करायला सांगणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, कारण त्रुटी पुसण्याच्या ओळीवर दिसत असली तरी चूक फाइल उघडणाऱ्या ओळीपाशी झालेली असते. शिवाय चाचणीत जी फाइल उघडी राहते, ती बहुधा प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्येही उघडीच राहत असते, आणि पंचायतीच्या कचेरीत दिवसभर चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये हीच चूक संध्याकाळपर्यंत भोवते.

दोन्ही प्रणालींचे वागणे इतके वेगळे का, हे समजल्याशिवाय पुढचे उपाय मंत्रासारखे पाठ करावे लागतील, म्हणून तेथे थोडे थांबू. विंडोजवर फाइल उघडताना उघडणारा प्रोग्रॅम इतरांना काय करू द्यायचे आहे तेही सांगतो: वाचू द्यायचे का, लिहू द्यायचे का आणि पुसू द्यायचे का. यांपैकी पुसण्याची परवानगी मुद्दाम दिली नसेल, तर ते हँडल (उघड्या फाइलीवरची प्रोग्रॅमची पकड) उघडे असेपर्यंत फाइल पुसता येत नाही. पायथनचे नेहमीचे ओपन ही परवानगी देत नाही आणि एसक्यूलाइटही देत नाही. त्रुटीच्या मजकुरात ‘दुसरी प्रक्रिया’ असे म्हटलेले असले तरी बहुतेक वेळा ती प्रक्रिया म्हणजे आपलाच प्रोग्रॅम असतो, हे लक्षात न आल्यामुळे अनेक जण दिवसभर अँटीव्हायरसच्या मागे लागतात.

लिनक्सवर पुसणे म्हणजे डिरेक्टरीतील नावाची नोंद काढून टाकणे एवढेच असते. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या सूचीतून एखाद्या पुस्तकाची नोंद काढली, तरी ज्या वाचकाने ते आधीच घरी नेले आहे त्याच्या हातातील पुस्तक नाहीसे होत नाही, तसाच हा प्रकार आहे. नाव गेले तरी आयनोड (फाइलीची खरी नोंद) आणि त्याने व्यापलेली जागा शेवटचा डिस्क्रिप्टर (लिनक्सवरील उघड्या फाइलीचा क्रमांक) बंद होईपर्यंत शिल्लक राहते. त्यामुळे नावे असलेल्या फाइली मोजणाऱ्या डीयू या आज्ञेने मोजलेली जागा आणि संपूर्ण डिस्क पाहणाऱ्या डीएफने दाखवलेली जागा यांत तफावत पडते, आणि एलएसओएफ या आज्ञेला अधिक-एल-एक हा पर्याय देऊन विचारले की नाव नसलेल्या, पण उघड्या फाइलींची यादी मिळते. म्हणजे आपल्या लिनक्स सर्व्हरवर चाचण्या ‘व्यवस्थित’ चालत नाहीत. तेथे चूक तीच आहे, फक्त ती बोलत नाही. ती बोलते तेव्हा फार उशिरा बोलते. एका प्रक्रियेला एका वेळी किती फाइली उघडता येतील याची मऊ (म्हणजे वाढवता येणारी) मर्यादा बहुतेक लिनक्स वितरणांत 1024 असते, आणि मॅकओएसवर ती 256 असते. प्रत्येक चाचणीने दोनतीन डिस्क्रिप्टर मागे सोडले की मोठ्या संचात ही मर्यादा कुठेतरी मध्येच संपते, आणि त्या क्षणी जी निरपराध चाचणी फाइल उघडू पाहते तिच्या माथी 24 क्रमांकाची त्रुटी बसते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार टाळायचा असेल, तर मर्यादा वाढवून गप्प बसू नये.

आता आपल्या मूळ कोड्याकडे वळू: ॲडक्लीनअप लावूनही फरक का पडला नाही? कारण युनिटटेस्टमध्ये क्रम असा ठरलेला आहे की आधी सेटअप, मग चाचणी, मग टिअरडाउन, आणि त्यानंतर ॲडक्लीनअपने नोंदवलेली कामे, तीही उलट्या क्रमाने, म्हणजे शेवटी नोंदवलेले काम सर्वांत आधी. आपण डिरेक्टरी पुसण्याचे काम टिअरडाउनमध्ये ठेवले आहे आणि डेटाबेस बंद करण्याचे काम ॲडक्लीनअपकडे दिले आहे. परिणामी डेटाबेस उघडा असतानाच डिरेक्टरी पुसण्याचा प्रयत्न होतो, तो फसतो, आणि त्यानंतर डेटाबेस अगदी शिस्तीत बंद होतो. दोन्ही साधने आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांची सरमिसळ मात्र चुकीची आहे. उपाय सोपा आहे. टिअरडाउन पूर्णपणे काढून टाकावे. सेटअपमध्ये डिरेक्टरी तयार झाल्याच्या लगेच पुढच्या ओळीत ती पुसण्याची नोंद ॲडक्लीनअपकडे करावी, आणि डेटाबेस उघडल्याच्या लगेच पुढच्या ओळीत तो बंद करण्याची नोंद करावी. नोंदी उलट्या क्रमाने चालत असल्यामुळे जे शेवटी उघडले ते आधी बंद होईल, आणि डिरेक्टरी सर्वांत शेवटी जाईल. क्रम वेगळा सांभाळण्याची गरजच उरत नाही.

याच बदलाने सर्व्हरवर साचणाऱ्या फोल्डरांचाही मोठा हिस्सा थांबेल. सेटअप अर्ध्यावर कोसळले तर युनिटटेस्ट टिअरडाउन चालवतच नाही. आपल्या मांडणीत डिरेक्टरी तयार झाली आणि त्यानंतर डेटाबेस उघडताना किंवा नमुन्याचे चित्र कॉपी करताना अपवाद उद्भवला, तर ती डिरेक्टरी कायमची मागे राहते. ॲडक्लीनअपच्या नोंदी मात्र सेटअप कोसळले तरी चालवल्या जातात. हे साधन पायथन 2.7 आणि 3.1 पासून उपलब्ध आहे, तरीही टिअरडाउनची सवय सुटत नाही, आणि जुनी पाठ्यपुस्तके त्याला बरीचशी जबाबदार आहेत असे माझे मत आहे. संपूर्ण वर्गासाठी एकदाच तयार होणाऱ्या गोष्टींकरिता 3.8 पासून ॲडक्लासक्लीनअप आहे, आणि एकेका चाचणीपुरत्या गोष्टींकरिता 3.11 पासून एंटरकॉन्टेक्स्ट आहे. त्याच्याकडे टेम्पररीडिरेक्टरी (स्वतःच पुसली जाणारी तात्पुरती डिरेक्टरी) सोपवली की नोंदीची वेगळी ओळही लिहावी लागत नाही.

एवढे करूनही 32 क्रमांकाची त्रुटी आली, तर फाइल कोण धरून बसले आहे हे शोधावे लागेल. आपल्या वर्णनावरून मला ज्यांचा संशय येतो, त्यांच्याविषयी सविस्तर लिहितो.

पहिला संशयित एसक्यूलाइटच आहे. पायथनमध्ये एसक्यूलाइटची जोडणी विथ विधानात लिहिली की ब्लॉक संपताना ती बंद होते, अशी जवळजवळ सर्वांची समजूत असते, कारण फाइलींच्या बाबतीत विथचा अर्थ तोच असतो. येथे तसे नाही. या जोडणीचे विथ केवळ व्यवहार पक्का करते किंवा अपवाद आल्यास मागे घेते. जोडणी उघडीच राहते. ती बंद करायची असेल तर क्लोज स्वतः बोलवावे लागते, किंवा पायथनच्या कॉन्टेक्स्टलिब या मॉड्यूलमधील क्लोजिंगच्या वेष्टनात जोडणी घालावी लागते. पायथन 3.13 पासून अशी बंद न केलेली जोडणी नष्ट होताना रिसोर्सवॉर्निंग (काहीतरी उघडे राहिल्याचा इशारा) दिले जाते. त्याआधीच्या आवृत्त्या याबाबत अवाक्षरही काढत नसत. डेटाबेस वॉल पद्धतीने (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहून) चालवत असाल तर मुख्य फाइलीशेजारी आणखी दोन फाइली दिसतील. शेवटची जोडणी नीट बंद झाली की त्या एरवी आपोआप नाहीशा होतात, म्हणून चाचणीनंतर त्या दिसत असतील तर जोडणी उघडी राहिल्याचा तो चांगला पुरावा आहे.

दुसरा संशयित चित्रे. चित्रे हाताळणाऱ्या पिलो या पायथन लायब्ररीतील इमेज.ओपन चित्र लगेच वाचत नाही. ते शीर्षभाग तपासते आणि उरलेले चित्र गरज पडेपर्यंत फाइलीतच ठेवते. एकाच पानाचे चित्र पूर्ण वाचले गेले की फाइल बंद होते, पण अनेक पानांच्या टिफमध्ये पुढच्या पानावर जाण्याची सोय ठेवावी लागते, म्हणून वाचून झाल्यावरही ती उघडीच राहते. पंचायतींच्या जुन्या नोंदवह्या स्कॅन करताना एका वहीची सगळी पाने एकाच टिफमध्ये बांधण्याची पद्धत असते, त्यामुळे आपल्या प्रकल्पात हे नक्की घडत असणार. अशा चित्रासाठी विथ वापरणे किंवा क्लोज बोलवणे हाच मार्ग आहे. चाचणी लिहिताना फक्त पानांची संख्या तपासायची असते, एका ओळीत चित्र उघडून संख्या विचारली जाते, आणि त्या ओळीत चित्राला नावही दिलेले नसल्यामुळे ते बंद करायला कोणी उरतच नाही.

येथेच सीपायथनच्या, म्हणजे नेहमीच्या पायथनच्या, एका सवयीविषयी सांगितले पाहिजे. संदर्भांची मोजणी शून्यावर आली की सीपायथन वस्तू ताबडतोब नष्ट करते आणि तिच्यासोबत फाइलही बंद होते, म्हणून ओपन आणि रीड एका ओळीत लिहिणारा कोड बहुतेक वेळा निभावून जातो. पायपाय या पायथनच्या दुसऱ्या रूपावर हे लगेच होत नाही. सीपायथनवरही चाचणी पडली की परिस्थिती बदलते, कारण अपवादासोबतचा मागोवा (ट्रेसबॅक) त्या फंक्शनची चौकट (फ्रेम) जिवंत ठेवतो, चौकट तिच्यातील स्थानिक चले धरून ठेवते, आणि त्या चलांत आपली फाइल असते. म्हणूनच काही चाचण्या उत्तीर्ण झाल्या तर डिरेक्टरी पुसली जाते आणि अनुत्तीर्ण झाल्या तरच 32 क्रमांकाची त्रुटी येते, असा चमत्कारिक अनुभव येतो. चाचणी पडण्याचे खरे कारण मग पुसण्याच्या त्रुटीखाली दडून जाते, आणि वाचणारा भलत्याच गोष्टीचा पाठलाग करू लागतो.

लॉग, म्हणजे प्रोग्रॅमच्या घडामोडींची नोंद, हाही असाच लपलेला धनी असतो. तात्पुरत्या डिरेक्टरीत लॉग लिहिणारा फाइलहँडलर मूळ लॉगरला जोडला असेल, तर तो चाचणी संपली तरी जोडलेलाच राहतो. त्याला लॉगरपासून वेगळे करणे पुरेसे नाही. वेगळे केल्याने तो बंद होत नाही, क्लोज स्वतंत्रपणे बोलवावे लागते. चाचणीने एखादा दुसरा प्रोग्रॅम सुरू केला असेल, उदाहरणार्थ चित्रातील अक्षरे ओळखणारा, तर त्याला थांबवण्याचा संदेश पाठवल्यावर तो खरोखर संपेपर्यंत वेटने थांबणे आवश्यक आहे. संदेश पोहोचणे आणि प्रक्रिया संपणे यांत अंतर असते आणि तेवढ्या अंतरात आरएमट्री येऊन धडकते. पूर्वी मुलप्रक्रियेला पालकाच्या उघड्या फाइलीही वारशाने मिळत असत, पायथन 3.4 पासून तयार होणारे डिस्क्रिप्टर मूलतः वारशाने जात नाहीत, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला आहे. शेवटचा साधा संशयित म्हणजे चालू डिरेक्टरी. चाचणीने तात्पुरत्या डिरेक्टरीत प्रवेश करून काम केले आणि बाहेर यायचे राहिले, तर विंडोज ती डिरेक्टरी पुसू देत नाही. लिनक्स पुसू देतो, पण पुढच्या चाचणीने चालू डिरेक्टरी विचारली की ‘अशी डिरेक्टरीच नाही’ असे उत्तर मिळते. 3.11 पासून कॉन्टेक्स्टलिबमध्ये यासाठी सीएचडीआयआरचे विथसह चालणारे रूप आहे. तरीही शक्य असेल तेथे चाचणीने डिरेक्टरी बदलूच नये, पूर्ण पथ द्यावा, असा माझा आग्रह असतो.

अंदाजांवर विसंबण्यापेक्षा पायथनलाच विचारावे. रिसोर्सवॉर्निंग 3.2 पासून आहे, पण ते मूलतः दाबून ठेवलेले असते. पायथनला एक्स-डेव्ह हा पर्याय दिला की ते दिसू लागते, आणि ट्रेसमॅलॉक (वस्तू कोठे तयार झाली याची नोंद ठेवणारे साधन) चालू केले की नुसती ‘फाइल उघडी राहिली’ एवढीच तक्रार न येता ती फाइल कोणत्या फाइलीतील कोणत्या ओळीवर उघडली होती हेही कळते. येथे एक खाच आहे. हा इशारा वस्तू नष्ट होताना दिला जातो, आणि नष्ट होण्याच्या त्या टप्प्यावर उद्भवलेला अपवाद वर चढत नाही. तो केवळ छापला जातो. म्हणून नुसते ‘रिसोर्सवॉर्निंगला त्रुटी समज’ असे सांगितल्याने चाचणी पडत नाही. पायटेस्ट या दुसऱ्या चाचणी-साधनात 6.2 पासून असे न चढणारे अपवाद पकडून त्यांचा स्वतंत्र इशारा दिला जातो. रिसोर्सवॉर्निंग आणि हा इशारा या दोघांनाही त्रुटीचा दर्जा दिला, तरच गळती खऱ्या अर्थाने चाचणी पाडते. माझ्या मते सर्व्हरवर ही मांडणी कायमची ठेवावी, कारण लिनक्स सर्व्हरला विंडोजइतके काटेकोर करण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. विंडोजवर प्रत्यक्ष हँडल पाहायचे असेल तर रिसोर्स मॉनिटरमध्ये फाइलीच्या नावाने शोध घेता येतो. प्रोसेस एक्सप्लोररमध्येही तीच सोय आहे.

आपण पुढेमागे पायटेस्टकडे वळाल, कारण बहुतेक चमू वळतात, म्हणून त्याच्या टेम्प-पाथ या फिक्स्चरविषयी, म्हणजे चाचणीला तात्पुरती डिरेक्टरी तयार करून देणाऱ्या सोयीविषयी, सावध करतो. ते वापरले की 32 क्रमांकाची त्रुटी नाहीशी होते आणि प्रश्न सुटला असे वाटते. प्रत्यक्षात टेम्प-पाथ मूळ मांडणीत चाचणीनंतर काहीच पुसत नाही. अलीकडच्या तीन फेऱ्यांच्या डिरेक्टऱ्या ठेवून त्याआधीच्या तेवढ्या काढते. 7.3 पासून किती फेऱ्या ठेवायच्या आणि सगळ्या ठेवायच्या, की फक्त अनुत्तीर्ण चाचण्यांच्या, हे ठरवता येते. परंतु तेथेही पुसताना अडथळा आला तर तो गिळून टाकला जातो. म्हणजे आपण ज्या दुर्लक्षाची परवानगी मागत होता ते येथे आधीच करून ठेवलेले आहे. साधन म्हणून ते मला पसंत आहे, विशेषतः अनुत्तीर्ण चाचणीचे अवशेष तपासण्यासाठी हाताशी राहतात म्हणून. पण वर सांगितलेले इशारे चालू केल्याशिवाय त्याकडे वळू नये. स्वतःची फिक्स्चरे लिहिताना यील्डच्या (वस्तू चाचणीला सोपवणाऱ्या ओळीच्या) आधी उघडणे आणि नंतर बंद करणे हीच रीत ठेवावी, आणि डेटाबेसच्या फिक्स्चरने डिरेक्टरीचे फिक्स्चर मागावे, म्हणजे आवराआवरीचा उलटा क्रम पायटेस्टच सांभाळते. एका फिक्स्चरमध्ये अनेक वस्तू उघडत असाल तर एक्झिटस्टॅक (उघडलेल्या वस्तू उलट्या क्रमाने बंद करणारी रास) वापरावे, नाहीतर दुसरी वस्तू उघडताना अपवाद आल्यास पहिली अधांतरी राहते.

गावांच्या नावांनी पॅरामीटर दिलेल्या चाचण्या आपल्याकडे असतील तर आणखी एक गोष्ट दिसेल. देवनागरी पॅरामीटर पायटेस्ट मूलतः युनिकोड क्रमांकांच्या स्वरूपात चाचणीच्या नावात घालते, आणि टेम्प-पाथ डिरेक्टरीसाठी त्या नावाचे फक्त पहिले 30 वर्ण घेते. त्यामुळे पेडणे, डिचोली आणि केपे यांच्या डिरेक्टऱ्यांची नावे वाचून कोणती कोणाची हे ओळखता येत नाही. त्यांच्यापुढे क्रमांक लागत असल्याने त्या एकमेकींवर चढत नाहीत, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. उलट, आपणच दस्तऐवजाच्या पूर्ण मराठी शीर्षकावरून फोल्डर तयार करत असाल, तर तेथे लक्ष द्यावे. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्णसंकेत 3 बाइट घेतो आणि लिनक्सच्या ईएक्सटी-4 या फाइलप्रणालीवर एका नावाची कमाल लांबी 255 बाइट आहे, म्हणजे काना-मात्रा धरून 85 संकेतांत नाव संपते. विंडोजवर संपूर्ण पथाची जुनी मर्यादा 260 वर्णांची आहे, आणि ती ओलांडणारी फाइल एखाद्या साधनाने तयार केली तर दुसऱ्या साधनाला ती पुसता येत नाही. चाचण्यांतील फोल्डरांना आखूड क्रमांक द्यावेत.

सगळे हँडल बंद असूनही विंडोजवर क्वचित पुसणे फसते, आणि तेव्हा मात्र दोष खरोखर बाहेरचा असू शकतो. नुकतीच लिहिलेली फाइल अँटीव्हायरस किंवा शोधसूची तयार करणारी सेवा क्षणभर उघडते. अशा वेळी थोडे थांबून मोजक्या वेळा पुन्हा प्रयत्न करणे योग्य आहे. पायथनच्या स्वतःच्या चाचणीसंचातही विंडोजसाठी असे थांबणे लिहिलेले आहे. प्रयत्न संपल्यावर मात्र त्रुटी वर जाऊ द्यावी. टेम्पररीडिरेक्टरीला 3.10 पासून आवराआवरीच्या त्रुटींकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय मिळाला आहे, आणि तो वापरायचाच असेल तर ज्या चाचणीत परक्या प्रोग्रॅमची फाइल गुंतलेली आहे तिच्यापुरताच वापरावा. केवळ-वाचनाची खूण असलेल्या फाइलींची गोष्ट वेगळी आहे: विंडोजवर त्या पुसल्या जात नाहीत, आणि चाचणीने गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचे भांडार तयार केले असेल तर त्यातील वस्तूंच्या फाइली तशाच असतात. तेथे आरएमट्रीला 3.12 पासून ऑनएक्ससी आणि त्याआधी ऑनएरर या नावाने मिळणारे फंक्शन देऊन, परवानगी बदलून तीच फाइल पुन्हा पुसण्याचा प्रयत्न करावा.

आता उरतात ते प्रसंग, ज्यांत कोणतीही आवराआवर चालण्याची संधीच मिळत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये वीज किती वेळा जाते हे गोव्यात कोणाला सांगायला नको. चाचण्या चालू असताना सर्व्हर बंद पडला, किंवा वेळमर्यादा ओलांडली म्हणून चाचणीची प्रक्रिया सिगकिलने (ताबडतोब संपवणाऱ्या संदेशाने) मारली गेली, तर विथ, यील्ड, ॲडक्लीनअप यांपैकी काहीही चालत नाही. अशा फोल्डरांसाठी आवराआवर चाचणीच्या शेवटी न ठेवता पुढच्या फेरीच्या सुरुवातीला ठेवावी लागते. एमकेडीटेम्पला आपल्या प्रकल्पाचा ओळखता येईल असा उपसर्ग द्यावा, आणि फेरी सुरू होताना त्या उपसर्गाची, आपल्याच वापरकर्त्याच्या मालकीची आणि एका दिवसाहून जुनी फोल्डर तेवढी काढावीत. वयाची अट महत्त्वाची आहे, कारण त्याच सर्व्हरवर सहकाऱ्याची दुसरी फेरी त्याच वेळी चालू असू शकते. संपूर्ण टेम्प डिरेक्टरी रोज रात्री रिकामी करणारी आज्ञा कोणी सुचवली तर ती स्वीकारू नये. तेथे इतर सेवांच्या सॉकेट-फाइलीही असतात. सिस्टमडी या लिनक्सवरील सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या मूळ मांडणीत टेम्पमधील 10 दिवसांहून आणि व्हारमधील टेम्पमधील 30 दिवसांहून जुन्या गोष्टी काढल्या जातात, परंतु वितरणागणिक ही मांडणी बदलते, म्हणून आपल्या सर्व्हरवरील मांडणी एकदा पाहून घ्यावी. काही वितरणांत टेम्प डिरेक्टरी स्मृतीतच असते. डेबियन 13 मध्ये नव्याने स्थापना केल्यास तसेच होते. तेथे सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ती रिकामी होते हे खरे, पण तोवर साचलेले टिफ डिस्कऐवजी रॅम खात असतात. विंडोज लॅपटॉपवर संगणक पुन्हा सुरू केल्याने वापरकर्त्याचे टेम्प फोल्डर रिकामे होत नाही, तेव्हा हीच सुरुवातीची झाडलोट तेथेही चालू द्यावी.

आपल्या चमूत जावा आणि गो लिहिणारेही आहेत असे प्रश्नात ओझरते म्हटले आहे, त्यांच्यासाठी थोडे. जावाच्या जेयुनिट 5 या चाचणी-साधनातील टेम्पडिर ही सोय डिरेक्टरी पुसता आली नाही तर चाचणी पाडते, आणि ती भूमिका मला योग्य वाटते, 5.9 पासून यशस्वी चाचणीनंतरच पुसण्याची निवडही करता येते. जावामध्ये फाइल्स.लाइन्स, फाइल्स.लिस्ट आणि फाइल्स.वॉक यांनी दिलेले प्रवाह बंद करावे लागतात हे फार जणांना ठाऊक नसते. ते ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्येच लिहावेत. स्मृतीत बसवलेली फाइल मात्र मॅप्डबाइटबफर कचरासंकलनात जाईपर्यंत सुटत नाही, म्हणून विंडोजवर चालणाऱ्या चाचण्यांत तिचा वापर टाळलेला बरा. गो भाषेत 1.14 पासून टी.क्लीनअप आणि 1.15 पासून टी.टेम्पडिर आहे, दोन्हींचा क्रम उलटा चालतो, आणि डिरेक्टरी पुसता आली नाही तर चाचणी अनुत्तीर्ण ठरते.

आपल्या संचात बदल करताना हा क्रम ठेवावा. प्रथम एकाच चाचणीवर्गातील टिअरडाउन काढून सर्व नोंदी ॲडक्लीनअपकडे न्याव्यात आणि तो वर्ग विंडोजवर चालवून पाहावा. त्यानंतर एसक्यूलाइटच्या प्रत्येक विथभोवती क्लोजिंग घालावे आणि टिफ उघडणाऱ्या ओळी शोधाव्यात. मग सर्व्हरवर एक्स-डेव्ह आणि ट्रेसमॅलॉक लावून संपूर्ण संच चालवावा. पहिल्या दिवशी इशाऱ्यांची लांबलचक यादी येईल, पण तिच्यातील बरेचसे इशारे एकाच सामाईक साहाय्यक फंक्शनातून आलेले असतात, म्हणून यादी वरून खाली सोडवण्याऐवजी फाइल उघडणाऱ्या ओळीनुसार तिचे गट करावेत आणि सर्वांत मोठ्या गटापासून सुरुवात करावी. यादी रिकामी झाल्यावरच इशाऱ्यांना त्रुटीचा दर्जा द्यावा. आधी दिला तर संपूर्ण संच लाल होतो, आणि दुसऱ्याच दिवशी कोणीतरी ती मांडणी काढून टाकते.